‘शेवळं’ हे नाव चालेल का?

मराठी विकिपीडियावर लिहायला कसं लागायचं, याबद्दल मागच्या अंकात या सदरात थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की लिहिणं ही पुढची गोष्ट, बहुतेकजण दारातच अडले आहेत. खातं उघडताना नाव कोणतं घ्यायचं आणि आधीपासून काम करणाऱ्या मंडळींना आपली ओळख काय सांगायची, हीच बऱ्याच जणांची अडचण आहे. चार पत्रं इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं त्यांच्या इच्छेप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी मुरबाड तालुक्यात अंगणवाडी सेविका होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. पावसाळ्यात रानभाज्यांचे फोटो काढायचा मला नाद आहे. मोबाइलमध्ये चारशेच्या वर साठलेत. तुमचं वाचून खातं काढायला बसले, तर पहिल्याच रकान्यात सदस्यनाव विचारलं आणि माझं गाडं तिथेच थांबलं. भाचा म्हणतो, पूर्ण नाव टाक आणि पुढे जन्मसाल, म्हणजे नाव मिळतंच. मला मात्र ‘शेवळं’ असं नाव घ्यावंसं वाटतं. लोक हसतील का? शिवाय चावडीवर स्वतःची ओळख करून द्यायची असते असं कळलं. तिथे सगळी शिकलेली माणसं. माझं शिक्षण बारावी. मी ओळख म्हणून काय सांगू?

उत्तर : ताई, ‘शेवळं’च घ्या. हे नाव आधी कोणी घेतलेलं असेल तर तो रकाना तुम्हाला लगेच सांगेल. मोकळं असेल तर मागेपुढे पाहू नका.

ज्या वाचकांनी शेवळं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं लिहिते. ठाणे, पालघर, रायगडकडच्या रानात पहिल्या पावसानंतर हे कोंब जमिनीतून वर येतात आणि बघता बघता त्यांचे दिवस संपतात. नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून भाजीत काकडं घालतात, म्हणजे एका रानझाडाची आंबट फळं. काकडीशी त्यांचं काही नातं नाही. मी घाटावरची. माझ्या डोंबिवलीच्या भावजयीने एकदा जून महिन्यात ही भाजी केली, तेव्हा पहिल्यांदा खाल्ली. जुडीबरोबर काकडं मोजून घ्यायला ती विसरली नव्हती, हे मला अजून आठवतं.

ज्या बाईला खात्यासाठी हे नाव सुचतं, तिला काय येतं ते नावातूनच कळतं. भाच्याने सुचवलेल्या नावातून काय कळेल? आडनावावरून लोक गाव काढतील, जात काढतील. जन्मसालावरून वय. रानभाज्यांबद्दल एक अक्षरही कळणार नाही.

हे मी भोगून सांगते आहे. २०११ साली मी एका सार्वजनिक वाचनालयात नोकरीला होते, आणि तिथल्या संगणकावर विकिपीडियाचं खातं काढलं ते पूर्ण नाव-आडनावानिशी. दुसरं काही सुचलंच नाही. हजेरीपटावर सही करतो तसं लिहून टाकलं. दोन वर्षं छान गेली. मग एका जुन्या घराण्यावरच्या लेखातला, कुठलाच आधार दिलेला नाही असा मजकूर मी काढला आणि का काढला ते चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलायच्या पानावर, लिहिलं. तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या फोनवर एक गृहस्थ. आडनावावरून त्यांनी माझं गाव शोधलं होतं, गावावरून वाचनालय. त्यांचा पहिला प्रश्न लेखाबद्दल नव्हता. ‘तुम्ही म्हणजे त्या अमक्यांपैकी का?’ असा होता. त्या आठवड्यात असा फोन सात वेळा आला. मजकुरावरून भांडले असते तर मी कपाटातून पुस्तक काढून पान वाचून दाखवलं असतं. ‘अमक्यांपैकी’ला कुठलं पान दाखवणार? वर्षभर मी त्या लेखाकडे फिरकले नाही.

पुढे मी नाव बदलून घेतलं. आता तिथे मी ‘फडताळ’ आहे. माहेरच्या घरात जाड मातीच्या भिंतीत एक फडताळ होतं. वरच्या फळीवर आजोबांच्या पोथ्या, खालच्या फळीवर आईच्या लोणच्याच्या बरण्या, आणि मधल्या फळीवर गावच्या वाचनालयातून आणलेली पुस्तकं. ती वेळेवर परत करायची म्हणून आई फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने तारीख लिहायची. नोकरी वाचनालयात लागली तेव्हा मला ते दारच आठवलं होतं. हे सगळं कोणाला सांगावं लागत नाही, पण नाव घेताना मला ते माहीत असतं. चर्चेत कोणी ‘फडताळताई, हा संदर्भ बघता का?’ असं लिहिलं की मी हाक मारल्यासारखी वळते.

म्हणून नाव पक्कं करण्याआधी ते मोठ्याने म्हणून बघा. ‘शेवळंताई, या फोटोतलं पान कशाचं?’ छान वाटतं की नाही? मग ते नाव तुमचं.

आता कामाच्या गोष्टी. नाव देवनागरीत चालतं. पण ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार जसे दिलेत तसेच दर वेळी द्यावे लागतात. ‘शेवळ’ लिहून ‘शेवळं’चं दार उघडणार नाही. ई-मेल देणं सक्तीचं नाही, तरी द्याच. पासवर्ड विसरलात आणि ई-मेल दिलेला नसेल, तर खातं परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. तो पत्ता लोकांना दिसत नाही. आणि हे एकच खातं मराठी विकिपीडिया, विकिस्रोत, विक्शनरी, फोटोंसाठीचं विकिमीडिया कॉमन्स, सगळीकडे चालतं. पूर्वी एकाच नावाची वेगवेगळ्या माणसांची खाती वेगवेगळ्या भाषांत असायची; २०१५ मध्ये ती सगळी एका सूत्रात आणली गेली. एक लहानशी गैरसोय आहे. देवनागरी नाव असलेल्या पानाचा पत्ता कुठे चिकटवला की बऱ्याचदा त्याची टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. घाबरू नका, टिचकी मारली की पान बरोबर उघडतं.

तुमचे फोटो कॉमन्सवर जातील, म्हणून तुमच्या बाबतीत नावाचं महत्त्व आणखी वाढतं. तिथे स्वतः काढलेला फोटो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली देता येतो. त्याचा नेहमीचा प्रकार असा, की कोणीही तो फोटो वापरू शकतं, पैसे मिळवण्यासाठीसुद्धा, पण श्रेय द्यायला हवं आणि त्यात फेरफार करून पुढे दिला तर त्याच अटींवर द्यायला हवा. ते श्रेय तुमच्या सदस्यनावाने दिलं जाईल. उद्या एखाद्या पाठ्यपुस्तकात किंवा मासिकात भारंगीच्या फुलाखाली बारीक अक्षरात ‘छायाचित्र : शेवळं’ असं छापून येऊ शकतं. फक्त फोटो तुम्ही स्वतः काढलेलेच द्या. व्हॉट्सॲपवर आलेला एकही नको, कितीही सुंदर असला तरी.

आता ओळख. चावडी म्हणजे मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी जमून बोलायचं पान. शब्द आपल्या गावातलाच आहे, आणि गावच्या चावडीवर नवा माणूस आला तर त्याला पदवी कोणी विचारत नाही. कुठून आलात, काय काम काढलंत, एवढंच विचारतात. तुमच्यासाठी मी मसुदा करून देते, हवा तसा बदला :

‘नमस्कार. मी शेवळं. ठाणे जिल्ह्यातल्या रानभाज्या मला ओळखता येतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली आणि शेवळं यांचे मी स्वतः काढलेले बरेच फोटो माझ्याकडे आहेत. ते कसे चढवायचे हे शिकायचं आहे. शास्त्रीय नावं लिहायला मदत लागेल. मी टायपिंग हळू करते, उत्तराला वेळ लागला तर समजून घ्या.’

शेवटी चार वेळा ते नागमोडी चिन्ह (~) द्या, सही आणि तारीख आपोआप उमटेल. झाली ओळख.

यात शिक्षण नाही, कारण त्याचा तिथे कोणाला उपयोग नाही. काय येतं आणि काय शिकायचंय, दोन्ही आहे. यातलं शेवटचं जास्त कामाचं. ‘मदत लागेल’ असं स्पष्ट लिहिणाऱ्या माणसाला तिथे मदत मिळते, हे मी अनेकदा पाहिलंय. टाकळ्याचं शास्त्रीय नाव सेना टोरा, कुर्डूचं सेलोशिया अर्जेंटिया, ही जोडणी करून देणारा वनस्पतिशास्त्र शिकलेला कोणीतरी पुढे येईल. पण टाकळा भाजीला खुडण्याच्या वेळी केवढा असतो, फूल धरल्यावर कसा दिसतो, याचे एका जागेचे, लागोपाठच्या दिवसांचे फोटो त्याच्याकडे असतीलच असं नाही. तुमच्याकडे आहेत.

एका बाबतीत मात्र तुमचा हिरमोड होण्याची शक्यता आहे, म्हणून आधीच सांगते. ‘आमच्याकडे ही भाजी पोटदुखीवर देतात’ हे तुम्हाला आजीकडून माहीत असलं तरी छापील किंवा तितक्याच भरवशाच्या आधाराशिवाय ते लेखात लिहिता येत नाही. लिहिलंत तर कोणीतरी काढेल. त्याचा राग धरू नका. औषधाच्या बाबतीत तर ही कडक शिस्त हवीच. वाचणारा माणूस कुठे बसलाय आणि काय शिजवून खाईल, आपल्याला माहीत नसतं. आधार शोधायला तालुक्याच्या वाचनालयात जा. वनस्पतींवरची मराठी पुस्तकं नुसती धूळ खात पडलेली असतात, ग्रंथपालाला विचारलंत तर तिला आनंदच होईल.

प्रश्न : आम्ही नाशिक भागातले पाचजण दर रविवारी किल्ल्यांवर टाकी साफ करायला जातो. मंडळाच्या नावाने विकिपीडियाचं खातं काढलं, पासवर्ड पाचही जणांकडे. किल्ल्यांच्या लेखांत भर घातली, फोटो दिले. तीन आठवड्यांत नावावरून खातं बंद केलं. आम्ही काही विकत नाही. हा अन्याय नाही का?

उत्तर : तुमची चिडचिड समजते. उन्हात टाकीतला गाळ उपसणाऱ्या माणसाला ‘जाहिरातबाज’ म्हटल्यासारखं वाटलं असणार. पण नियमाची बाजू धरावी लागेल, कारण ती मला पटते.

खातं एका माणसाचं असतं. काही चुकलं तर ‘हे का लिहिलंत?’ असं विचारायचं असतं, आणि उत्तर देणारा तोच हवा ज्याने लिहिलं. तुमच्या खात्यातून एखाद्या टाक्याचा काळ चुकीचा लिहिला गेला, तर पाचांपैकी कोणाला विचारायचं? फोटोचंही तसंच. परवाना देणारा तो फोटो काढणाराच असावा लागतो. दुसरं, संस्थेचं नाव खात्याला दिलं की प्रत्येक बदलाखाली ते नाव झळकत राहतं. तुमचा हेतू चांगला आहे, पण पुढच्या दुकानदाराला नाही म्हणायचं असेल तर तुम्हालाही नाही म्हणावं लागतं.

पाचहीजणांनी वेगवेगळी खाती काढा. मंडळाचा अभिमान मिरवायचाच असेल तर स्वतःचं नाव आधी आणि मंडळाचं मागून, असं जोडनाव घेता येतं. माणूस वेगळा आहे हे त्यातून दिसतं. मला त्याहून बरं वाटेल ते असं, की प्रत्येकाने आपल्या सदस्य पानावर लिहावं, ‘मी अमुक मंडळाबरोबर किल्ल्यांवर काम करतो.’ म्हणजे मंडळावरच्याच लेखात तुम्ही हात घातलात तर वाचणाऱ्याला तुमचा संबंध आधीच कळलेला असतो. खरं तर तो लेख दुसऱ्यांवर सोडा. किल्ल्यांवर लिहायला उरलेलं पुष्कळ आहे.

आणि आधी दिलेलं काम वाया गेलेलं नाही. लेखाच्या ‘इतिहास’ या पानावर ते बदल तसेच नोंदलेले असतात.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. विकिपीडियावर प्रथम स्वतःची ओळख द्यावी या सद्भावनेने माझ्या नावाचा लेख तयार केला : जन्म, शिक्षण, मिळालेले पुरस्कार, प्रकाशित दोन पुस्तके. दुसऱ्या दिवशी लेख हटवला गेला. चाळीस वर्षांच्या सेवेनंतर हा अपमान सहन होत नाही.

उत्तर : गुरुजी, लेख हटवणाऱ्याने तुमची सेवा हटवलेली नाही. तुम्ही ओळख दिलीत ती योग्य होती, जागा चुकली.

मी वाईजवळ राहते. मराठी विश्वकोशाचं काम वाईतून चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथे बसत. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. कुठलाही खंड उघडा, नोंदीच्या शेवटी उजवीकडे ती लिहिणाऱ्याचं नाव असतं, आडनाव आधी. आमच्या पिढीला ज्ञानकोश म्हटलं की हेच डोळ्यांपुढे येतं : आधी अधिकारी व्यक्ती, मग तिचं लेखन. विकिपीडियावर लेखाखाली कोणाचंच नाव नसतं. लिहिणारा प्राध्यापक आहे की दहावीतली मुलगी, वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणूनच प्रत्येक विधानाला आधार मागतात. आणि स्वतःविषयीचा लेख स्वतः लिहू नये ही अपेक्षा तिथे सगळ्यांकडून आहे, तुमच्याकडूनच नाही. तुमची पुस्तकं, तुमचं काम यांवर इतरांनी स्वतंत्रपणे, विस्ताराने लिहिलं असेल, तर लेख कधीतरी दुसरं कोणी लिहील.

ओळखीसाठी तुमचं ‘सदस्य पान’ आहे. खात्यात शिरलात की वर तुमचं नाव दिसतं, त्यावर टिचकी मारा. तिथे पाच-सात ओळी लिहा. पुरस्कार नकोत. कोणता विषय शिकवलात, कोणत्या भागाची माहिती आहे, कोणत्या भाषा वाचता येतात हे लिहा. तुमच्या पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख आहे की तुम्हाला मोडी वाचता येते. गुरुजी, तुमच्या संबंध पत्रात माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची ओळ ती आहे, आणि हटवलेल्या लेखात ती नव्हती! सदस्य पानावर ती पहिली लिहा. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं पान पान करून तपासली जातात. एकाने तपासलेलं पान पिवळं होतं, दुसऱ्या वेगळ्या माणसाने पुन्हा तपासलं की हिरवं. एकट्याला पिवळं आणि हिरवं दोन्ही करता येत नाही. चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाची तिथे वाट पाहत असतात.

प्रश्न : मी नववीत आहे. मराठी लेखांत शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की मला राहवत नाही. मी खातं काढू शकते का? माझं नाव, शहर आणि २०११ असं सदस्यनाव ठरवलं आहे. आणि ओळख करून देणं आवश्यक आहे का? मला भीती वाटते.

उत्तर : काढ की! वयाची अट नाही. घरी आईला किंवा बाबांना दाखवून काढ, एवढंच.

सदस्यनाव मात्र बदल. त्यात नाव, गाव आणि वय तिन्ही आले, आणि यातलं एकही तिथे लागत नाही. नाव पुढे बदलून मिळतं, मी घेतलंच आहे. आधीचे सगळे बदल नव्या नावाखाली येतात. पण जुन्या चर्चांमधल्या सह्या तशाच राहतात, आणि कोणतं नाव सोडून कोणतं घेतलं याची नोंदही सगळ्यांना दिसते. माझं जुनं नाव शोधणाऱ्याला आजही सापडेल. म्हणून तुझं आधीच नीट असू दे. शाळा, इयत्ता, फोन, स्वतःचा फोटो, यातलं काही सदस्य पानावर टाकायचं नाही. तू नंतर पुसलंस तरी ते पानाच्या इतिहासात राहतं. चुकून टाकलंस तर एखाद्या प्रचालकाला, म्हणजे तिथली देखरेख करणाऱ्या सदस्याला, सांग, ते लपवू शकतात. कोणी वय विचारलं तर उत्तर द्यायची गरज नाही. कोणी बाहेर, दुसऱ्या ॲपवर बोलायला बोलावलं तर घरी सांग.

ओळख करून देणं सक्तीचं नाही. कित्येकजण कधीच देत नाहीत आणि वर्षानुवर्षं काम करतात. तू आधी ‘धूळपाटी’वर हात साफ कर. पूर्वी मुलं पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची, त्यावरून त्या सरावाच्या पानाला हे नाव दिलंय. तिथे काहीही मोडलं तरी चालतं.

नावासाठी तुझ्याच पत्रातला एक शब्द सुचवते. तू लिहिलंयस, ‘पहिली वेलांटी की दुसरी, हे मला न बघता कळतं.’ ‘वेलांटी’ मोकळं असेल तर घेऊन टाक.

मग एखादा लेख उघड. एकच चूक दुरुस्त कर. खाली ‘बदलांचा आढावा’ असा एक लहान रकाना असतो, बहुतेकजण तो रिकामा सोडतात. तू सोडू नकोस. त्यात लिही : ‘वेलांटी दुरुस्त केली.’